उस्तादांचा तास रिकामा आहे : सोलापूर जिल्ह्यातल्या माजी सैनिकांना खुलं पत्र

सन्माननीय माजी सैनिक बंधू-भगिनींनो,

जय हिंद.

14 जानेवारीला देशभर माजी सैनिक दिन पाळतात. सैन्याचे पहिले भारतीय प्रमुख जनरल करिअप्पा 1953 साली त्या दिवशी निवृत्त झाले, म्हणून ही तारीख. आपल्या सोलापुरात मात्र तेव्हा सिद्धरामेश्वरांची यात्रा भरात असते, नंदीध्वज निघालेले असतात आणि सगळं गाव होम मैदानाकडे लोटलेलं असतं. त्या गर्दीत तुमचा दिवस कधी येतो आणि जातो ते कळत नाही. दोन दिवस आधी, 12 जानेवारीला, आपण मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना हार घालतो. 1931 साली त्या तारखेला येरवड्यात त्यांना फाशी दिलं. आणि 15 तारखेला सैन्य दिन. मला शिकवणारे कर्नलसाहेब या तिन्ही तारखा फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून लिहायचे. तो कोपरा आठवडाभर कोणी पुसायचा नाही, असा नियम होता.

यंदा तो कोपरा मी लिहिला. कर्नलसाहेब गेल्या वर्षी आषाढी एकादशीनंतर आठवड्याभरात गेले. वय 84. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आपल्या नावाने काही करू नका असं ते घरी सांगून गेले आहेत. तुमच्यातले पुष्कळजण वाचता वाचता ओळखतीलच. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलाचे होते. चीनच्या युद्धानंतर जे इमर्जन्सी कमिशन दिलं गेलं त्यातून सैन्यात गेले, पुढे इंजिनिअर रेजिमेंटची कमान सांभाळली आणि निवृत्तीनंतर सोलापुरात परत आले. त्यांच्या नोकरीची हकीकत एवढ्यावर थांबवते. ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजते. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या जवळजवळ तीस वर्षांबद्दल.

मी पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. 1999 साली मी आठवीत होते आणि गणितात नापास झाले होते. शेजारच्या मुलाने सांगितलं की अशोक चौकाच्या मागच्या बाजूला एका बंद शेडमध्ये एक मिलिटरीवाले फुकट शिकवतात. आई मला घेऊन गेली. शेड यंत्रमागाची होती. मालकाने माग विकून टाकले होते आणि जागा कर्नलसाहेबांना संध्याकाळपुरती दिली होती. माग गेले तरी ते जिथे बसवले होते तिथले बोल्ट जमिनीतून वर आलेलेच होते, चार-चार बोटं. कापून काढायला खर्च होता. म्हणून आमच्या रांगा त्या बोल्टांप्रमाणे ठरायच्या. दोन बोल्टांच्या मध्ये एक मूल, असं ते बसवायचे. आजही त्या शेडमधली मुलं तशीच बसतात. बोल्टांच्या टोकांना आम्ही सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेत, पायाला लागू नये म्हणून.

पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं. ते म्हणाले, "इथे उस्ताद म्हणायचं." तुम्हाला हा शब्द सांगायला नको. ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवणाऱ्या, नायक या छोट्या हुद्द्यावरच्या सैनिकालाही रिक्रूट उस्ताद म्हणतात आणि उद्या तो रिक्रूट अधिकारी झाला तरी त्या नायकाला विसरत नाही, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. कर्नल ही सरकारने दिलेली पदवी, उस्ताद ही शिकणाऱ्याने दिलेली, आणि दुसरी आपल्याला जास्त प्रिय आहे, असं ते म्हणायचे. आमच्या आया मात्र त्यांना शेवटपर्यंत 'सारू'च म्हणत राहिल्या. तेलुगूत सरांना तसंच म्हणतात.

आता त्यांचा एक तास तुम्हाला दाखवते. मी गणिताची शिक्षिका झाले ती या एका तासामुळे.

त्रिकोणमिती सुरू व्हायची होती. उस्तादांनी लाकडी परात आणली, पाटासारखी पसरट, तिच्यात सीना नदीची वाळू. वाळूत त्यांनी आधीच काड्यापेट्या पुरून ठेवल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात स्वेटर विणायची एक सुई दिली आणि म्हणाले, काड्यापेटी शोधा, पण तिच्या वरच्या बाजूला सुई लागली तर तुम्ही मेलात. आम्ही सगळ्यांनी सुया उभ्या खुपसल्या. दहा मिनिटांत सगळा वर्ग मेला. मग त्यांनी कोनमापक काढला. सुरुंग पेरलेल्या जमिनीत सॅपर संगीन उभी खुपसत नाही, तिरकी धरतो, जमिनीशी 30 अंश किंवा त्याहून कमी. सुरुंग वरून दाब पडला की फुटतो, म्हणून संगिनीच्या टोकाने त्याची कूस चाचपायची असते. हे सांगताना ते स्वतः गुडघे टेकून जमिनीवर आडवे झाले. साठीच्या जवळ आलेला माणूस, पांढरा इस्त्रीचा शर्ट, आणि शेडमधल्या त्या तेलकट जमिनीवर. मग विचारलं, तिरकी सुई सहा इंच आत गेली तर टोक किती खोल गेलं? आम्ही पट्टीने मोजलं. तीन इंच. आठ इंच आत गेली तर? चार. कितीही आत गेली तरी खोली तिच्या निम्मी. "याला साइन 30 म्हणतात," ते म्हणाले आणि फळ्यावर एक छेद दोन लिहिलं.

मी आज पंधरा वर्षं शाळेत शिकवते. पुस्तकात तो आकडा कोष्टकात दिलेला असतो आणि मुलं तो पाठ करतात. मला तो कधी पाठ करावा लागला नाही. माझ्या मनगटातच आहे तो.

आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बेली पूल. तुमच्यातल्या सॅपर मंडळींनी तो बांधला असेल. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तो शोधला. त्याची मेख अशी की पुलाचा कुठलाही भाग सहा माणसांना हातांनी उचलता येईल असाच करायचा. दहा फूट लांब आणि पाच फूट उंच लोखंडी चौकट, वजन 260 किलोच्या आसपास. 260 भागिले 6 आम्ही केलं, त्रेचाळीस आणि वर थोडं. म्हणजे ज्वारीच्या पन्नास किलोच्या कट्ट्यापेक्षा कमी. आमच्यातल्या हमालांच्या मुलांना ते लगेच कळलं. अशा चौकटी एकमेकींना खिळींनी जोडत जायचं आणि तयार होत जाणारा पूल या काठावरून रोलरवर ढकलत त्या काठाकडे न्यायचा. पुढे हलका सांगाडा लावायचा, म्हणजे मागचं वजन जास्त राहतं आणि पूल मधेच नाकावर पडत नाही. तरफेचा नियम त्यांनी असा शिकवला, आगपेटीच्या काड्यांनी आणि आईच्या विड्या वळायच्या सुपाने. त्यानंतर वर्गात कुठलंही गणित अवघड वाटलं की ते एकच विचारायचे: "सहा जणांना उचलेल असे तुकडे केलेत का?"

मला या पत्रात तुमच्याकडे जे मागायचंय ते याच वाक्यातून निघतं. पण ते मागण्याआधी कर्नलसाहेब स्वतः कसे शिकत राहिले ते सांगायलाच हवं, नाहीतर चित्र अर्धं राहील.

आमच्या आया मराठी समजायच्या, पण पोराच्या अभ्यासाबद्दल मनातलं बोलायचं झालं की तेलुगूवर यायच्या. कर्नलसाहेबांना ते खटकायचं. समोरची बाई काहीतरी महत्त्वाचं बोलतेय आणि आपल्याला तिच्या मुलाला मध्ये घालून ते कळतंय. आणि मूल अर्थातच सोयीचं तेवढंच सांगतं. सहासष्टाव्या वर्षी त्यांनी तेलुगू शिकायला घेतलं, माझ्या आईकडे. रोज दुपारी तीनला यायचे, चटईवर बसायचे. आईचे हात चालूच असायचे. तेंदूचं पान फरम्यावर कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा. एक अक्षर, दहा विड्या. आई चौथी शिकलेली, पण तेलुगू शाळेत. तिने मुळाक्षरं पाटीवर काढून दिली. ते चुकले की ती हसायची नाही, पुन्हा काढायला लावायची. तीन महिन्यांनी त्यांनी तिला एक प्रश्न विचारला. तेलुगूत 'चदुवु' म्हणजे वाचन आणि 'चदुवु' म्हणजेच शिक्षणसुद्धा, हे खरं का? आई म्हणाली, हो, दोन वेगळ्या गोष्टी कशा असतील? त्यांनी हे वहीत लिहून घेतलं. पुढच्या गुरुपौर्णिमेला त्यांनी आईला साडी आणि एक पाटी दिली. आई आयुष्यभर दिवसाला हजार विड्या वळत आली, पण 'गुरू' म्हणून तिच्या पायाशी कोणी बसलं ते पहिल्यांदाच. ती पाटी तिच्या देव्हाऱ्याशेजारी आहे.

सत्तरीत त्यांनी इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या इतिहासातल्या एमएला प्रवेश घेतला. आमच्या वर्गातली दोन मुलं तेव्हा तिथेच पदवी करत होती, त्यामुळे स्वाध्याय एकत्र लिहिले जायचे. पहिल्या वर्षी एका पेपरात त्यांना 37 गुण पडले. पास व्हायला 40 लागतात. त्यांनी ती गुणपत्रिका आणून शेडच्या भिंतीवर चिकटवली, जिथे मुलांच्या गुणपत्रिका लागायच्या तिथे, मधोमध. त्या वर्षी दहावीत नापास झालेली तीन मुलं वर्ग सोडून चादरीच्या कारखान्यात लागली होती. ती भिंत बघायला आली आणि परत बसली. तिघांपैकी दोघे पुढे पास झाले. कर्नलसाहेबांनी तो पेपर पुढच्या सत्रात काढला, 61 गुण. नवी गुणपत्रिका लावली, पण जुनी काढली नाही. दोन्ही अजून तिथे आहेत, पिवळ्या पडलेल्या.

दरवर्षी 10 ऑक्टोबरला ते आम्हाला भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकात न्यायचे. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली त्या तारखेला सोलापुरात जन्मले. 1938 साली चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले. तिथली भाषा बोलायला-लिहायला शिकले, चिनी विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवलं, आणि 1942 साली बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मी एकदा विचारलं, "उस्ताद, तुम्ही तर चीनच्या युद्धामुळे सैन्यात गेलात, मग आम्हाला इथे का आणता?" त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. बाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर बसल्यावर म्हणाले, "ज्या देशाविरुद्ध मी उभा राहायला शिकलो त्या देशाच्या पोरांना माझ्या गावचा एक माणूस शिकवत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवता आल्या पाहिजेत." मला ते तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं. आज कळतं, आणि असा सैनिक आपल्या गावात होता याचा मला फार अभिमान वाटतो.

मुलींबद्दलची त्यांची एक चूक त्यांनी स्वतःच उघड केली, म्हणून मी ती लिहू शकते. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा देऊ द्या असा आदेश दिला. कोरोनामुळे वर्ग तेव्हा शेडबाहेरच्या मोकळ्या जागेत अंतर ठेवून भरत होता. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्र घेऊन आले, सगळ्या मुलींना पुढे बोलावलं आणि हात जोडले. म्हणाले, "इतकी वर्षं गणित तुम्हाला शिकवलं आणि फॉर्म मुलांचे भरत आलो. नियम तसा होता हे खरं, पण तो चुकीचा आहे असं मी एकदाही मोठ्याने बोललो नाही." ऐंशी वर्षांचा कर्नल तेरा-चौदा वर्षांच्या मुलींपुढे हात जोडून उभा. कुणालाच काय करावं सुचेना. मग त्यांनीच 'बसा' म्हटलं आणि त्या दिवसापासून संध्याकाळी साडेसहाचा एक जादा तास सुरू झाला. चार मुलींनी परीक्षा दिली. लेखीत एक उत्तीर्ण झाली, एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीत, पाचव्या दिवशी परत आली. ती आज माझ्याबरोबर वर्ग सांभाळते.

30 मे 2025 ला खडकवासल्यात एनडीएतून मुलींची पहिली तुकडी संचलन करून बाहेर पडली, सतरा जणी. तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. आम्ही मोबाइल त्यांच्या उशाशी धरला. त्यांनी पूर्ण संचलन बघितलं, मध्ये एकदा पाणी मागितलं, आणि शेवटी विचारलं, "आपला साडेसहाचा तास झाला का आज?" झाला नव्हता. आम्ही सगळे तिथेच होतो. त्यांनी आम्हाला पाठवून दिलं.

ते गेल्यावर खूप माणसं भेटायला आली. मनापासून आली, आणि प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं. कोणी म्हणालं चौकाला नाव देऊ. कोणी अर्धपुतळ्याचा खर्च उचलायला तयार झालं. त्यांचा आदर राखून मी नको म्हटलं. घरच्यांची इच्छा हे एक कारण. दुसरं कारण माझं आहे. पुतळ्याला वर्षातून दोनदा हार घालायला शंभर माणसं मिळतात आणि मंगळवारी साडेसहाला त्रिकोणमिती घ्यायला एक मिळत नाही. हे मी पाच-सहा महिने बघतेय. म्हणून तुम्हाला लिहितेय.

तुम्हालाच का? मला आधी वाटलं होतं शिक्षकांना लिहावं. पण आम्ही शिक्षक दिवसभर वर्गात उभे असतो, वरून सर्वेक्षणं, माहिती भरणं. संध्याकाळी घशात आवाज उरत नाही. तुमचं वेगळं आहे. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. शेतावर जातो, किंवा कुठेतरी सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो. माझ्या ओळखीचे एक हवालदार रडारची दुरुस्ती करायचे. आज ते एका बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभे असतात, दिवसाचे आठ तास. त्या कामात कमीपणा काहीच नाही. पण त्यांच्या डोक्यात जी विजेची आणि लहरींची समज आहे ती आमच्या दहावीच्या मुलांना भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून कळत नाही, आणि ती समज त्या दारात रोज उभी राहून गंजते आहे. मला हे बघवत नाही.

आणि आता तर आणखी तरुण मुलं परत येणार आहेत. अग्निपथ योजना 2022 साली आली, तिच्यातल्या अग्निवीरांची सेवा चार वर्षांची, पुढे कायम होणारे 25 टक्क्यांपर्यंत. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं भरत आलीत. तेवीस-चोवीस वर्षांची, सेवा करून परतलेली मुलं. त्यांना कोणी 'उस्ताद' म्हटलं तर काय वाटेल, विचार करा.

मला माहीत आहे तुमच्यातले कितीतरी म्हणतील, आम्ही कुठले शिकवणार, आमचं शिक्षण दहावी-बारावी. हे मी त्या हवालदारांच्या तोंडूनही ऐकलंय. पण शिकवायची पद्धत तुम्हाला आमच्याआधी शिकवली गेली आहे. आधी बयान, मग नमूना, मग सराव. रायफल खोलून जोडायला तुम्ही अशीच शिकलात आणि नव्या पोरांना अशीच शिकवलीत. नमूना दाखवल्याशिवाय कोणालाही करायला लावायचं नाही, हा नियम आमच्या कित्येक शाळांमध्ये पाळला जात नाही. उदाहरण सोडवून न दाखवता गृहपाठ दिला जातो, आणि मुलाला नाही आलं की मूल ढ ठरतं. तुमच्या मैदानावर रिक्रूटला नाही आलं तर उस्ताद पुन्हा नमूना देतो. तेवढं एक आलं तरी तुम्ही चांगले शिक्षक आहात.

गरजही आज वाढली आहे. आपल्या जिल्ह्यातली मुलं पहाटे अंधारात रस्त्याने पळताना तुम्हाला दिसतात. 1.6 किलोमीटरची वेळ त्यांना सेकंदापर्यंत पाठ असते. पण 2023 पासून अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते आणि तीत निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावतात. म्हणजे पाय तयार असलेलं पोर संगणकापुढेच गळतं. एनडीएचं तर आणखी कठीण. गणिताचे 300 गुण, सामान्य क्षमतेचे 600, त्यातले 200 एकट्या इंग्रजीचे, आणि पुढे एसएसबीचे 900. कर्ज काढून भरतीपूर्व प्रशिक्षणाला मुलं घालणारे आईबाप मी बघितलेत. वर्षभर मूल धावतं, दोरी चढतं, आणि शेकडेवारीचं गणित त्याला कोणी सांगितलेलं नसतं. एका वडिलांनी त्यासाठी म्हैस विकली. मुलगा पहिल्याच पेपरात बाहेर पडला. तो आता आमच्याकडे येतो, रोज मोहोळहून एसटीने. त्याला मी परत पाठवू शकत नाही आणि माझ्याकडे त्याच्यासाठी वेळही उरत नाही. सत्तर मुलं आणि आम्ही दोघी.

पण कृपा करून असं समजू नका की हा वर्ग सैन्यात जाण्यासाठीच आहे. कर्नलसाहेबांच्या हाताखालून गेलेल्यांमध्ये सैन्यात गेलेले थोडे. बाकीचे परिचारिका, वीजतंत्री, तलाठी, एक जण चादरीच्या नक्षीचे आराखडे संगणकावर करतो. त्यांना हे सगळे सारखे वाटायचे.

तर मागणं काय आहे ते सांगते. पूर्ण वर्ग कोणीच उचलू नका. तो एका माणसाने तीस वर्षं उचलला आणि त्या माणसाच्या पाठीत शेवटी काय उरलं होतं ते आम्ही बघितलंय. आम्हाला सहा माणसं हवीत. प्रत्येकाने आठवड्यातून दोन तास. सिग्नलवाल्यांनी वीज घ्यावी. ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती दलात होता त्यांनी यंत्रं. क्लार्क होता त्यांनी अर्ज कसा लिहायचा आणि हिशेबाची वही कशी ठेवायची ते शिकवावं, त्याची मुलांना फार गरज आहे. नर्सिंग असिस्टंट असाल तर प्रथमोपचार. नकाशा वाचायला तर तुम्हा सगळ्यांनाच येतो, आणि आमच्या मुलांना उत्तर दिशा मोबाइलशिवाय सापडत नाही. लष्करी परिचर्या सेवेतून निवृत्त झालेल्या एखाद्या भगिनी आल्या तर मुलींना किती बरं वाटेल. रजेवर गावी आलेल्या सेवेतल्या जवानांनीही एखाद्या संध्याकाळी यावं. आणि तुम्हाला स्वतःला काही शिकायचं असेल, इंग्रजी, संगणक, राहून गेलेली पदवी, तर तेही इथेच बसून करा. मुलांना सगळ्यात जास्त धीर त्या 37 गुणांच्या गुणपत्रिकेने दिला होता.

पैसे नकोत. वह्या-पुस्तकांचं जुनी मुलं बघतात.

येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन हत्तरसंग कुडलला जाणार आहोत, सीना आणि भीमेच्या संगमावर. उस्ताद दरवर्षी न्यायचे. तिथल्या संगमेश्वराच्या मंदिरातला शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा, मराठी शिलालेख आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी उजेडात आणला. 'वाछि तो विजेया होईवा' अशी त्याची ओळ आहे. जो वाचेल तो विजयी होईल, असा तिचा अर्थ लावतात. मुलं त्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि उस्ताद बाजूला उभे राहून प्रत्येकाला ती मोठ्याने वाचायला लावायचे, अगदी पहिलीतल्या पोरालासुद्धा. ते स्वतः दरवर्षी रांगेत शेवटी उभे राहायचे आणि त्यांची पाळी आली की तेही वाचायचे. यंदा रांगेच्या शेवटी कोण उभं राहायचं ते आम्ही ठरवलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी आलात तर ती जागा तुमची. गाडी सकाळी सहाला शेडपासून निघेल, भाकरी-शेंगाचटणी आम्ही बांधून घेऊ.

आणि त्याआधी शेडमध्ये या. अशोक चौकात कुठल्याही पानवाल्याला 'कर्नलसाहेबांची शेड' विचारा. दार ढकलावं लागतं, खालून अडकतं. आत शिरताना बोल्टांकडे लक्ष द्या. फळा डावीकडे आहे, खडू खिडकीत. वाळूची परात आणि विणायच्या सुया कपाटात तशाच आहेत. सोमवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवार आम्ही दोघी कसंबसं भागवतो. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहाचा तास रिकामा आहे. मुलं येऊन बसलेली असतात.

आपली,
पूर्व भागातली एक शिक्षिका, कर्नलसाहेबांची विद्यार्थिनी
सोलापूर